पाटीवरचा ‘रजि. नं.’ नेमके काय सांगतो?

लहान मुलांसाठी थेरपी केंद्र चालवायचे तर कायदा काय काय मागतो, आणि पालकांनी काय विचारावे

रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या बाजारपेठेत किंवा रोहा स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशी एखादी पाटी आहे असे समजू : ‘बालविकास व थेरपी केंद्र. उशिरा बोलणे, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अतिचंचलता. वयोगट 0 ते 6 वर्षे.’ खाली बारीक अक्षरांत ‘रजि. नं.’ आणि एक आकडा.

घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. हाक मारली तर वळून पाहत नाही, अजून एकही शब्द नाही. आजी म्हणते, ‘‘कशाला घाबरता? याचा बाबाही उशिराच बोलला.’’ अंगणवाडी सेविका म्हणते, ‘‘एकदा दाखवून या.’’ आईवडील केंद्रात जातात. फी किती, आठवड्यातून किती वेळा यायचे, किती महिन्यांत फरक पडेल, एवढे विचारून बाहेर येतात. पाटीवर नंबर आहे म्हणजे सगळे रीतसर असणार, असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

पण तो नंबर कोणी दिला आणि कशासाठी दिला? तो धर्मादाय कार्यालयाचा असू शकतो, दुकानाच्या गुमास्ता परवान्याचा असू शकतो किंवा खरोखरच दिव्यांग मुलांसाठी संस्था चालवण्याच्या प्रमाणपत्राचा असू शकतो. तिन्ही नंबर खरे असले तरी त्यांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत.

शीघ्र हस्तक्षेप म्हणजे काय?

मुलाच्या वाढीत कुठे उशीर किंवा अडथळा दिसला तर पहिल्या काही वर्षांतच त्याला मदत सुरू करणे, याला शीघ्र हस्तक्षेप म्हणतात. मदत म्हणजे व्यायाम, खेळ, वाचा-उपचार, श्रवणयंत्र, बसण्याची-उभे राहण्याची साधने, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घरी काय करायचे याचे आईवडिलांना प्रशिक्षण.

घाई का करायची, हे ऐकण्याच्या उदाहरणावरून कळते. जन्मानंतरच्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या फार वेगाने तयार होतात. ज्या जोडण्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या क्षीण होत जातात. एखाद्या बाळाला नीट ऐकू येत नसेल तर आवाजाची माहिती मेंदूपर्यंत पोहोचतच नाही, आणि भाषा समजून घेणाऱ्या भागाला काम मिळत नाही. सहाव्या महिन्याच्या सुमारास श्रवणयंत्र बसले तर ते मूल आजूबाजूचे बोलणे कानांत साठवत मोठे होते. तेच यंत्र पाचव्या वर्षी बसवले तर आवाज ऐकू येतो, पण त्याचा अर्थ लावायला मेंदूला फार कष्ट पडतात. म्हणून ‘थोडी वाट पाहू’ हा सल्ला निरुपद्रवी नसतो. वाट पाहण्यात जाणारा काळ हाच उपचाराचा सर्वांत चांगला काळ असतो.

हे काम ना निव्वळ दवाखान्याचे, ना निव्वळ शाळेचे. त्यात थोडे वैद्यक आहे, थोडे शिक्षण आहे, थोडे समाजकार्य आहे. सरकारच्या बाजूनेही आरोग्य, महिला व बालविकास आणि दिव्यांग कल्याण अशा वेगवेगळ्या विभागांत ते वाटले गेले आहे. त्यामुळे ‘शीघ्र हस्तक्षेप अधिनियम’ नावाचा एकच कायदा आपल्याकडे नाही. नियम आहेत, पण ते चार-पाच कायद्यांत विखुरलेले आहेत, आणि पालकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तीन कागद, तीन वेगळे प्रश्न

रायगडात मिनीडोर रिक्षाने फिरणाऱ्याला ही रचना पटकन समजेल. गाडीचे आरसी बुक सांगते की गाडी कोणाची. परमिट सांगते की या गाडीतून प्रवासी नेता येतात की नाही. आणि लायसन सांगते की स्टिअरिंगवर बसलेल्याला गाडी चालवता येते की नाही. आरसी बुक कितीही चोख असले तरी त्याने लायसनची उणीव भरून निघत नाही. मुलांच्या केंद्राचेही तसेच आहे. संस्था कोणाची, तिला दिव्यांग मुलांसाठी काम करण्याची परवानगी आहे का, आणि मुलाला प्रत्यक्ष हात लावणारी व्यक्ती पात्र आहे का, हे तीन प्रश्न कायदा वेगवेगळे विचारतो.

पहिला कागद : संस्था कोणाची?

सेवाभावी संस्था असेल तर तिची नोंदणी साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 यांखाली असते. विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, हिशेब कोण तपासते, पैसा ठरलेल्या उद्देशासाठी खर्च होतो का, हे धर्मादाय कार्यालय पाहते. देणगीदाराच्या दृष्टीने ही नोंदणी मोलाची आहे. पण त्या केंद्रात वाचा-उपचार कोण करते, मुलांना बसायला कशा खुर्च्या आहेत, दाराशी उतार आहे का, यांतले काहीही ती सांगत नाही. ‘आमची संस्था नोंदणीकृत आहे’ हे वाक्य बहुधा या पहिल्या कागदावर उभे असते आणि ऐकणारा ते तिन्ही कागदांना लागू करतो.

दुसरा कागद : दिव्यांगांसाठी काम करण्याची परवानगी

इथे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 लागू होतो. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. दिव्यांगत्वाचे 21 प्रकार त्यात आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, वाचा आणि भाषा दोष हे लहान वयात दिसणारे प्रकार त्यांत येतात.

दिव्यांग व्यक्तींचा सांभाळ, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन करणारी संस्था, अशी या कायद्यातली ‘संस्था’ची व्याख्या आहे. ती बरीच रुंद आहे. कलम 50 सांगते की अशी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय स्थापन करता येत नाही आणि चालवताही येत नाही. महाराष्ट्रात हे काम दिव्यांग कल्याण आयुक्तालयाच्या यंत्रणेतून चालते.

कलम 51 मध्ये या प्रमाणपत्राची पद्धत दिली आहे आणि ती समजायला सोपी आहे. अर्ज आला की सक्षम प्राधिकाऱ्याने चौकशी करायची. राज्याने ठरवलेल्या सोयी आणि दर्जा संस्था देऊ शकत असेल तरच प्रमाणपत्र द्यायचे. हा निर्णय 90 दिवसांत घ्यायचा. नकार द्यायचा असेल तर आधी अर्जदाराचे म्हणणे ऐकायचे आणि नकार लेखी कळवायचा. प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा. आणि पालकांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची अट म्हणजे प्रमाणपत्राची प्रत संस्थेत ठळक जागी लावलेली असली पाहिजे. ती भिंतीवर दिसत नसेल तर ‘कुठे लावली आहे?’ असे विचारणे हा आगाऊपणा ठरत नाही. ती कायद्यानेच तुमच्यासाठी लावायला सांगितलेली आहे.

अर्जात खोटी माहिती दिली किंवा अटी मोडल्या तर कलम 52 नुसार प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि मग संस्थेचे काम थांबवावे लागते. संस्थेला त्याविरुद्ध अपील करता येते. कायदा मोडल्याबद्दल कलम 89 मध्ये पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी किमान 50 हजार ते कमाल 5 लाख रुपये दंड आहे. केंद्र किंवा राज्य सरकारने चालवलेल्या संस्थांना ही नोंदणी लागत नाही. त्यामुळे पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात हे प्रमाणपत्र शोधण्यात अर्थ नाही.

मुले मुक्कामी राहणार असतील तर अटी आणखी कडक होतात. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 खालीही नोंदणी करावी लागते. एवढे कागद कशाला, असे कोणाला वाटेल. आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळच्या कळंबोलीत बौद्धिक अक्षम मुलींच्या वसतिगृहातले अत्याचार 2011 मध्ये उघडकीस आले आणि 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. ज्या मुलाला आपल्यावर काय झाले हे सांगता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बाहेरून येऊन दार ठोठावले पाहिजे. नोंदणी आणि तपासणी यांचा खरा उद्देश तोच आहे.

तिसरा कागद : मुलाला हात लावणारा कोण?

केंद्राचे नाव, इमारत, खेळणी काहीही असो, उपचार शेवटी एका माणसाच्या हातांनी होतात. ते हात शिकलेले नसतील तर काय होते, हे जेवणाच्या वेळी पाहावे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पेज भरवायची आहे. त्याचे स्नायू ताठ आहेत, मान मागे जाते, गिळण्याची लय बसलेली नाही. त्याला मांडीवर आडवे घेऊन, मान मागे असताना पेज घातली तर ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरू शकते. थोडे ठसकते, मग शांत होते, आणि पुढे पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत राहतो. जाणकार थेरपिस्ट आधी मुलाला शक्य तितके सरळ बसवतो, पाठीला आणि पायांना आधार देतो, मान किंचित पुढे येईल असे पाहतो, पेज थोडी घट्ट करतो, चमचा समोरून आणतो आणि पहिला घोट गिळून होईपर्यंत थांबतो. बाहेरून पाहताना दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. मुलाच्या फुप्फुसांना मात्र तो कळतो.

म्हणूनच व्यक्तीच्या पात्रतेसाठी वेगळे कायदे आहेत. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम 1992 खाली विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कृत्रिम अवयव व आधारसाधने बनवणारे तज्ज्ञ अशांची केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवली जाते. मान्यताप्राप्त पात्रता आणि या नोंदवहीत नाव, दोन्ही असल्याशिवाय या व्यवसायांत काम करता येत नाही. कलम 13 नुसार तसे केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी कायमची नसते, ठरावीक मुदतीनंतर नवीन करावी लागते आणि त्यासाठी पुढचे शिक्षण चालू ठेवावे लागते. शीघ्र हस्तक्षेपासाठी स्वतंत्र पदव्युत्तर पदविकाही या परिषदेच्या मान्यतेने चालते.

फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट मात्र या नोंदवहीत नसतात. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी 2002 च्या अधिनियमाने वेगळी राज्य परिषद आहे. पुढे 2021 मध्ये संसदेने अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदाही केला. म्हणजे ‘तुमचा पुनर्वास परिषदेचा नंबर काय?’ असे फिजिओथेरपिस्टला विचारले आणि त्याने ‘नाही’ म्हटले, तर तो अपात्र ठरत नाही. त्याला त्याच्या परिषदेचा नंबर विचारायचा. आणि ‘मी सगळ्याच थेरपी करतो’ असे कोणी म्हणाले, तर कोणत्या कामाची नोंदणी आहे हे शांतपणे विचारून घ्यायचे.

मुलाची सुरक्षितता : प्रत्येकाला लागू

वरचे तिन्ही कागद असले तरी एक जबाबदारी उरतेच, आणि ती केंद्रातल्या शिपायापासून विश्वस्तांपर्यंत सगळ्यांवर आहे. पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आधी आपण आत चौकशी करू’ असे म्हणून ते लांबवता येत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोक्सो नियम 2020 त्यापुढे जातात. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कायम आणि कंत्राटी, सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घ्यायची आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यायचे, असे त्यांत आहे.

मारणे, उपाशी ठेवणे, कोंडून ठेवणे अशा वागणुकीबद्दल दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम 7 नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे माहिती देता येते. ती फक्त पालकांनीच द्यावी असे नाही, कोणीही देऊ शकते. तालुक्याचे तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात, म्हणजे हे दार पेणमध्ये आणि रोह्यातही उघडे आहे.

सरकारी वाट : अंगणवाडीपासून अलिबागपर्यंत

खासगी केंद्राआधी एक मोफत वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्ये झाली, म्हणजे हा देशव्यापी कार्यक्रम महाराष्ट्रातूनच सुरू झाला. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वे व पोषणाची कमतरता, बालपणातले आजार आणि विकासातील उशीर अशा चार गटांतल्या 30 स्थिती तो तपासतो. दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. नवजात बाळांना आशाताई घरी येऊन पाहतात. शंका आलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, दृष्टितपासनीस, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असावेत, अशी कल्पना आहे. तपासणीला जाण्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही, कारण दाखल्याची वेळ येऊ नये म्हणूनच ही तपासणी आहे.

रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. पेणहून ते सुमारे 30 किलोमीटर आणि रोह्याहून त्याहून लांब. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. एकदा जाऊन येणे शक्य आहे, पण थेरपी एकदा घ्यायची गोष्ट नाही, ती आठवड्यामागून आठवडे चालते. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात पाळी करणारा बाप किंवा पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात मूर्ती रंगवणारी आई किती दिवस मजुरी बुडवणार? कातकरी वाड्यांवर अडचण याहून मोठी आहे. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पथक अंगणवाडीत येते त्या दिवशी मूल भट्टीवर असते, आणि यादीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागते. म्हणून पेण-रोह्यात दिव्यांग मुलांसाठी झटणाऱ्या सुहित जीवन ट्रस्टसारख्या संस्थांच्या कामाला मोल आहे, आणि म्हणूनच अशा कामाला कायद्याची शिस्त असणेही गरजेचे आहे. जिथे पर्याय कमी असतात तिथे पालक मिळेल त्या केंद्रावर विसंबतात.

> चौकट : केंद्रात प्रवेश घेण्यापूर्वी
>
> विचारा :
> • दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे नोंदणी प्रमाणपत्र कुठे लावले आहे? मुदत कधीपर्यंत आहे?
> • माझ्या मुलाला प्रत्यक्ष कोण पाहणार? त्यांची पात्रता कोणती? नोंदणी कोणत्या परिषदेची आणि क्रमांक काय?
> • सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का?
> • मुलासाठी लेखी उद्दिष्टे ठरतील का? आढावा किती दिवसांनी होईल?
> • उपचाराच्या वेळी पालकांना आत बसता येईल का? घरी काय करायचे ते शिकवाल का?
>
> तपासणीला उशीर करू नका, जर :
> • 9 महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नसेल
> • वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल
> • दीड वर्षाचे मूल चालत नसेल
> • 2 वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल
> • कोणत्याही वयात आलेले कौशल्य मूल विसरू लागले असेल

कायद्यात काय राहून गेले आहे?

आतापर्यंतचे सगळे नियम सेवा देणाऱ्यावरचे आहेत. सेवा मिळण्याचा मुलाचा हक्क कुठे आहे? दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम 31 लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना, म्हणजे ज्यांचे प्रमाण 40 टक्के किंवा अधिक आहे त्यांना, मोफत शिक्षणाचा हक्क देते, पण 6 ते 18 या वयात. कलम 25 सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. तपासणीत उशीर आढळला तर थेरपी किती दिवसांत सुरू व्हायची आणि ती घरापासून किती अंतरावर मिळायची, हे मात्र त्यात नाही. शून्य ते सहा हेच मोलाचे वय आणि नेमके तिथेच हक्काचे शब्द तोकडे पडतात.

अमेरिकेने 1986 मध्ये आपल्या कायद्यात बदल करून जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेपाची व्यवस्था उभी केली. तिथल्या नियमांनुसार मूल पाठवले गेल्यापासून 45 दिवसांत तपासणी होऊन कुटुंबासाठी लेखी योजना ठरवण्याची बैठक व्हावी लागते, आणि सेवा शक्यतो मुलाच्या घरी किंवा इतर मुलांच्या सहवासात द्यावी लागते. आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खालच्या ‘दिशा’ योजनेने लहान मुलांच्या केंद्रांना हात दिला. जून 2021 मध्ये केंद्र सरकारने 14 शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली, त्यांतले एक मुंबईतल्या अली यावर जंग संस्थेत आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर झाली.

उरले आहे ते अंतर आणि मुदत यांचे काम. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत. तिथे आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी नोंदणीकृत थेरपिस्ट बसले, आणि अंगणवाडीत शंका आलेल्या मुलाचे पहिले सत्र किती दिवसांत व्हायचे हे राज्याने नियमात लिहिले, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही आणि नवा कायदाही लागणार नाही. संस्थेकडे प्रमाणपत्र मागणारे पालक आणि रुग्णालयाकडे ठरलेला दिवस मागणारी ग्रामसभा, या दोन मागण्या बरोबर चालल्या पाहिजेत. एकीने सेवेचा दर्जा सांभाळला जाईल, दुसरीने ती सेवा वाडीवरच्या मुलापर्यंत पोहोचेल.